टाक्यांचा हिशेब

(१९९५ साली दहावी झालेल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाटचाल' असा विषय छापलाय. तो मीच दिला होता. पण गेल्या महिन्यात आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा रात्री साडेदहाला फोन आला, आणि मग वाटलं, वाटचाल राहू दे, दुसरंच सांगावं. संयोजकांना कळवलं तर ते म्हणाले, "बोल की. फक्त वीस मिनिटांच्या वर जाऊ नकोस, जेवण थंड होतं."

फोन असा होता. त्याच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला होता. बाळाच्या लघवीचं छिद्र टोकाला नाही, जरा खाली आहे, असं दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं. पुढच्या शुक्रवारी सुंता ठरली होती, पाहुण्यांना निरोपही गेले होते. तो विचारत होता, "तुझ्या मुलाचं असंच काही होतं ना गं? तू मागे एकदा बोलली होतीस." मी खरंच एकदाच बोलले होते, कुणाच्या तरी लग्नात, हात धुवायच्या रांगेत, तेही अर्धवट. त्याने ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. मी म्हटलं, "आधी ती सुंता थांबव. बाकीचं सावकाश बोलू."

का थांबवायची, ते पुढे येईलच.

माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. हे भाषण त्याच्याबद्दल असल्यामुळे आधी त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांग. पण माझं नाव घेऊ नकोस, आणि मध्येच रडू नकोस." पहिली अट मी नक्की पाळणार आहे. स्मरणिकेत छापायला देतानाही त्याला पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता मान हलवली.

आपल्या शास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा एक धडा होता, आठवतोय? "हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही" असं म्हणून आपण पुढच्या धड्यावर गेलो होतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. बाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत आणि हसताहेत. बाई, तक्रार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही पान उलटलं असतं. पण २०१० साली प्रसूतिगृहात नर्सने बाळाला पुसता पुसता सांगितलं, "जागा जरा खाली दिसते," तेव्हा मी इंजिनिअर, नवरा इंजिनिअर, आणि आम्हा दोघांनाही "कुठली जागा?" हे धड विचारता आलं नाही. आज मात्र सरळ शब्द वापरणार आहे. लिंग, लघवी, छिद्र. कुणाला अवघडल्यासारखं झालं तर त्यांनी खिडकीबाहेरच्या आपल्या पिंपळाकडे बघावं.

या व्यंगाचं नाव हायपोस्पेडियास. लिंगाच्या टोकाला जे छिद्र असायला हवं ते खालच्या बाजूला कुठेतरी असतं. बहुतेक मुलांत टोकाच्या जवळच, काहींत मध्यावर, थोड्यांत पार वृषणाच्या पिशवीपाशी. सोबत लिंगाला खालच्या बाजूला बाक असू शकतो, आणि पुढची त्वचा वर टोपीसारखी साठलेली आणि खाली अपुरी असते. हे दुर्मीळ वाटतं, पण नाही. साधारण दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे एकाला असतं. म्हणजे आपल्या शाळेत तेव्हा एका वेळी जेवढे मुलगे शिकत होते, त्यांत तीन-चार जण असणार. आपल्याला एकही माहीत नाही, कारण कुणी सांगितलंच नाही.

नातेवाइकांपैकी कुणीतरी मला विचारलं होतं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" १५ जानेवारी २०१० ला सूर्यग्रहण होतं आणि मी तेव्हा ऑफिसात बसून काम करत होते, हे खरं. मला ते इतकं लागलं की पुढे कधीतरी मी हिशेबच काढला. गर्भात ही नळी साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत मिटून तयार होते. ग्रहणाच्या दिवशी मला सहा महिने उलटून गेले होते. जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं. बहुतेक मुलांमध्ये असं एक नेमकं कारण सापडतच नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण ग्रहणाचा हिशेब मांडल्यावर मला जरा जास्त बरं वाटलं, हेही खरं.

आता ऑपरेशन. ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष या वयात करणं बरं मानतात. मूल लहान असलं की त्याला पुढे आठवत नाही, ड्रेसिंग सांभाळणं सोपं जातं, आणि मोठ्या वयात केलेल्या ऑपरेशनात गुंतागुंत जास्त होते असं अनेक ठिकाणी दिसलेलं आहे. आपल्याकडे मात्र बरीच मुलं शाळेत घालायच्या वेळी आणतात, मुतारीत बाकीची मुलं हसतील म्हणून. काही तर लग्न ठरल्यावर येतात.

आम्ही वेळेत गेलो. जून २०११, मुलगा चौदा महिन्यांचा. ऑपरेशन नीट झालं असं सांगितलं. लघवीच्या मार्गात बारीक नळी, त्यावर ड्रेसिंग, आणि दोन डायपर. आतल्या डायपरला भोक पाडून नळी त्यातून बाहेर काढायची, म्हणजे लघवी बाहेरच्या डायपरमध्ये पडते आणि शी आतल्यात राहते. कल्पना फार हुशारीची आहे, पण पहाटे तीन वाजता ती जमवणं हे माझ्या करिअरमधल्या कुठल्याही काँफिगरेशनपेक्षा अवघड होतं. घरी सोडताना हातात एक कागद मिळाला, इंग्रजीत. मूल दिवसभर सांभाळणार माझ्या सासूबाई. त्यांना इंग्रजी येत नाही. मी घाईघाईत तोंडी सांगितलं आणि दहाव्या दिवशी कामावर गेले.

त्या कागदात एक वाक्य होतं, बाळाला पाय फाकवून बसवू नका. मी सासूबाईंना सांगितलं, "तीनचाकी सायकल नको." वॉकर नको, हेही सांगितलं. पण कडेवर घेणं म्हणजेही पाय फाकवणंच, हे माझ्या डोक्यात आलं नाही, मग त्यांच्या तरी कसं येणार? रडणाऱ्या नातवाला आजी कडेवर नाही घेणार तर काय करणार? परदेशात लिहिलेल्या सूचनांत कडेवर घेण्याचा उल्लेख कशाला असेल? तिकडे मुलं गाडीत बसतात.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी मुलाला मोरीत उभं केलं होतं. धार पुढे पडत होती, चांगली, टोकातून. आणि तिच्या खालून आणखी एक, केसासारखी बारीक. दोन धारा. मी बघितलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याला पुसून बाहेर आणलं. पुढचे आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

याला फिस्टुला म्हणतात. नव्याने शिवलेल्या नळीला मध्येच पडलेलं भोक. या ऑपरेशननंतरची ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत. बाकीच्याही आहेत. टोकाचं छिद्र आकुंचून धार बारीक होणं, टाके उसवून छिद्र पुन्हा मागे सरकणं, बाक परत येणं. टोकाजवळच्या साध्या प्रकारात शंभरातल्या पाच-दहा मुलांना काहीतरी दुरुस्ती लागते असं साधारण मानतात. गंभीर प्रकारात, विशेषतः मुलांवर दीर्घकाळ लक्ष ठेवलं तर, हे प्रमाण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातं. हे आकडे मला २०११ मध्ये कुणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आम्ही त्या डॉक्टरांकडे परत गेलोच नाही. तीन महिन्यांची तारीख होती, ती चुकवली. रिलीज आहे असं मी नवऱ्याला सांगितलं. रिलीज खरंच होतं, पण कारण ते नव्हतं. पुढे एका नातेवाइकांनी दुसरे सर्जन सुचवले, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "आत्ता हात लावायचा नाही. पहिल्या ऑपरेशनला किमान सहा महिने होऊ द्या. ऊती मऊ झाल्याशिवाय शिवलं तर पुन्हा फाटेल." मला तेव्हा हे चालढकल केल्यासारखं वाटलं. आता कळतं की घाईने केलेली दुरुस्ती हेच पुढच्या बिघाडाचं मोठं कारण असतं. आमच्या क्षेत्रात शुक्रवारी संध्याकाळी केलेल्या दुरुस्तीबद्दल आम्ही हेच म्हणतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये दुसरं ऑपरेशन झालं आणि ते टिकलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी वेगळं काय केलं, हे मला समजलं ते आपल्या कार्यानुभवाच्या तासामुळे. हसू नका. शिवणाच्या बाई सांगायच्या, जोडाची कड आत वळवा, धागे बाहेर दिसले की शिवण उसवते. आणि शिवणीवर शिवण आणू नका, जाड होतं आणि तिथेच फाटतं. सर्जन मला कागदावर आकृती काढून सांगत होते, आणि ते शब्दशः हेच होतं. नळी करताना त्वचेची कड आत वळवायची. नळीची शिवण आणि वरच्या कातडीची शिवण एकमेकींवर येऊ द्यायची नाहीत. आणि मध्ये एक अस्तर घालायचं, रक्तपुरवठा असलेला पातळ ऊतीचा पदर, पुढच्या त्वचेखालचा किंवा वृषणावरच्या आवरणाचा. त्या अस्तरामुळे फिस्टुला कमी होतात. कापड ताणून शिवायचं नाही, दोरा अगदी बारीक, आणि भिंग लावून काम. रक्तपुरवठा मात्र कापडाला नसतो, तिथे शिवणाचा दाखला संपतो. अस्तर जिवंत नसेल तर काही उपयोग नाही.

सुंता का थांबवायची, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पुढची ती जास्तीची त्वचा म्हणजे सर्जनच्या हातातलं राखीव कापड. नळी, पदर, झाकण, सगळं त्यातूनच निघतं. ते कापड कापून फेकून दिलं की गंभीर प्रकारात गालाच्या आतलं अस्तर काढून आणावं लागू शकतं. या कापडाचा वापर करण्यात एका भारतीय सर्जनचं नाव जगभर घेतलं जातं. आग्र्याचे डॉ. हरिशंकर असोपा. पुढच्या त्वचेची नळी करून एकाच टप्प्यात ऑपरेशन करण्याची त्यांची पद्धत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. मला हे वाचून विनाकारण अभिमान वाटला.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. माझं रोजचं काम सॉफ्टवेअर बिघडतं कुठे हे शोधण्याचं आहे. त्यात नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो की तक्रार आली नाही याचा अर्थ चूक नाही असा होत नाही. कदाचित तो भाग कुणी वापरतच नसेल. कदाचित वापरणारा कंटाळून निघून गेला असेल.

मुलगा सहा-सात वर्षांचा असताना, एकदा तपासणीसाठी बाहेर बाकावर बसलेली असताना, माझ्या डोक्यात आलं की पहिल्या डॉक्टरांच्या वहीत माझा मुलगा बरा झालेला आहे. आम्ही परत गेलो नाही. त्यांना दोन धारा माहीत नाहीत. ते पुढच्या पालकांना प्रामाणिकपणे सांगत असणार, "माझ्याकडे फारशी गुंतागुंत होत नाही." आणि त्या "फारशी नाही"मध्ये आमचं न जाणं मिसळलेलं आहे. आमच्यासारखे आणखी किती?

घरी येऊन मी त्यांना पत्र लिहिलं. कसलाही आरोप नाही. ऑपरेशनची तारीख, काय दिसलं, कधी दिसलं, दुरुस्ती कधी झाली, एवढंच. चार ओळी लिहायला दोन रात्री लागल्या. आठवड्याने त्यांचा फोन आला. मला वाटलं ऐकवणार. ते म्हणाले, "तुम्ही तेव्हाच यायला हवं होतं, पण कळवलंत ते बरं केलंत." मग जरा थांबून म्हणाले, "मुलगा कसा आहे?" इतकी वर्षं मी त्या माणसावर मनातून रागावले होते. फोन ठेवला आणि वाटलं, रागाचं काय करायचं आता?

कारण शोधायचा नादही मी तेव्हाच सोडला. कडेवर घेतल्यामुळे झालं का? बद्धकोष्ठ होऊन तो कुंथत होता, त्यामुळे? दोरा? पदर घातला नव्हता म्हणून? एकाच मुलाकडे बघून हे कधीच सांगता येत नाही. शंभर मुलांच्या नोंदी नीट ठेवल्या तर काहीतरी दिसू लागतं, आणि तेव्हाही जपून बोलावं लागतं. एक उदाहरण देते. या ऑपरेशनात कमरेच्या खाली कण्यापाशी एक इंजेक्शन देतात, कॉडल, म्हणजे मुलाला नंतर कमी दुखतं. २०१२ मध्ये पुद्दुचेरीच्या जिपमरमधल्या डॉक्टरांच्या एका छोट्या अभ्यासात कॉडल दिलेल्या मुलांमध्ये फिस्टुला जास्त दिसले. सगळीकडे खळबळ. मग ठिकठिकाणी जुन्या नोंदी काढून बघितल्या गेल्या. काहींत संबंध दिसला. पण ज्यांनी व्यंग किती गंभीर होतं हे वेगळं काढून पाहिलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो संबंध दिसेनासा झाला. गंभीर प्रकारच्या मोठ्या ऑपरेशनांना कॉडल जास्त दिलं जात असेल, तर दोष इंजेक्शनवर येणारच. सरांनी संख्याशास्त्र शिकवताना छत्र्यांचं उदाहरण दिलं होतं, छत्र्या जास्त दिसल्या म्हणून पाऊस पडत नाही. तेच हे.

तर मी आमच्या दुसऱ्या सर्जनना विचारलं, "तुमच्या नोंदी कशा आहेत?" त्यांनी कपाटातून तीन लाल वह्या काढल्या. ऑपरेशनच्या नोंदी सुंदर. पुढे काय झालं, तो रकाना बराचसा रिकामा. ते म्हणाले, "जे येतात त्यांचं लिहितो." मी शनिवार-रविवार बसून त्यांना एक साधी नोंदप्रणाली करून दिली. त्यात तंत्रज्ञान म्हणावं असं काही नाही, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करेल. छिद्र कुठे होतं, बाक किती, टोकाची रुंदी किती मिलिमीटर, कुठली पद्धत, कुठला पदर, नळी किती दिवस. आणि मग तारखा. एक महिना, सहा महिने, एक वर्ष, मूल उभं राहून लघवी करायला लागल्यावर, आणि शेवटी वयात आल्यावर. तारीख आली की त्यांच्या सहायक ताई घरी फोन करतात. मराठीत, किंवा त्यांच्या मोडक्या कन्नडमध्ये. प्रश्न साधे. धार एक की दोन? टोकातून की खालून? बारीक झाली का? कुंथावं लागतं का?

आमचं भांडण झालं ते फोटोंवरून. मुलांचे फोटो कुणाच्याही मोबाइलमध्ये राहता कामा नयेत असा माझा हट्ट. त्यांचं म्हणणं, फोटोशिवाय शिकायचं कसं? शेवटी ठरलं की पालकांची लेखी संमती घेऊन रुग्णालयाच्या कॅमेऱ्याने काढायचे, चेहरा नाही, नाव नाही, आणि ते माझ्या प्रणालीत येणार नाहीत. आजही व्हॉट्सॲपवर कुणीतरी भाबडेपणाने फोटो पाठवतंच. ताई तो पुसून टाकतात आणि फोन करून समजावतात.

आणि पहिल्या वर्षी काय झालं असेल? त्यांची गुंतागुंत वाढली! म्हणजे कागदावर वाढली. जे आलेच नव्हते ते फोनवर सापडले. कुणी दोन धारांची सवय करून घेतली होती, कुणी दुसऱ्या गावात दुरुस्ती करून घेतली होती, एका आईने सांगितलं, "तो खाली बसूनच करतो, आम्हाला वाटलं असंच असतं." कितीतरी नंबर बंदच लागले. डॉक्टर दोन आठवडे माझ्याशी जरा तुटकच बोलत होते. मला वाटलं बंद करायला सांगणार. मग एके दिवशी स्वतःच म्हणाले, "गंभीर प्रकारात मी एका टप्प्यात फार ओढून नेत होतो." आता बाक जास्त असेल तर ते दोन टप्प्यांत करतात. आधी लिंग सरळ करायचं आणि नव्या नळीसाठी पृष्ठभाग तयार करायचा, काही महिन्यांनी नळी शिवायची. पालकांना दोनदा भूल म्हटलं की भीती वाटते. पण ठरवून केलेले दोन टप्पे आणि फसल्यावर करावं लागणारं दुसरं ऑपरेशन, यांत फार फरक आहे.

याच वाटेने मोठी माणसंही गेलेली आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेतले वॉरन स्नॉडग्रास यांनी जी पद्धत मांडली, ती आज टोकाजवळच्या प्रकारासाठी जगभर वापरतात. त्यांचं मला आवडतं ते असं की पद्धतीला स्वतःचं नाव लागल्यावरही ते स्वतःच्या गुंतागुंती मोजत राहिले, शिवण्याच्या बारीकसारीक गोष्टी बदलत राहिले, आणि आधी किती बिघडत होतं हे छापून सांगत राहिले. आमच्या क्षेत्रात अशी माणसं कमी आहेत, मी धरून.

आणखी एक काम मी केलं. त्या इंग्रजी कागदाचं मराठी केलं. भाषांतर नाही, नव्यानेच लिहिला, सासूबाईंना शेजारी बसवून. "फ्लुइड्स" काढून टाकलं आणि लिहिलं, पाणी, पेज, वरणाचं पाणी सारखं पाजत राहा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कडेवर घेऊ नका, दोन्ही हातांवर आडवं घ्या किंवा छातीशी पाय जुळवून धरा. बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळलं तर घाबरू नका, मूत्राशयाला कळ येते, त्याचं औषध दिलेलं आहे. पण नळी निघून आली, ताप आला, किंवा डायपर काही तास कोरडाच राहिला तर सकाळची वाट न बघता फोन करा. सासूबाईंनी वाचून एकच सुधारणा सांगितली, "अक्षर मोठं कर, आजीला चष्मा सापडत नसतो."

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं बाळ जन्मलं, आणि आता आपल्या वयात ते भाच्या-पुतण्यांच्या, थोड्या वर्षांनी नातवंडांच्या रूपाने येईल, तर सर्जनना बेधडक विचारा की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता. किती मुलांना पुन्हा करावं लागतं, तेही विचारा. आणि मग विचारा, "ते तुम्हाला कसं कळतं?" या तिसऱ्या प्रश्नावर जे डॉक्टर रागावत नाहीत त्यांच्याकडे मी जाईन. छिद्र खाली आहे आणि वृषणही खाली उतरलेले नाहीत, असं दोन्ही असेल तर ऑपरेशनच्या आधी हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी लागते, ती टाळू नका. आणि तारखेला जा. काही बिघडलेलं नसलं तरी जा, बिघडलेलं असलं तर नक्की जा, आणि दुसरीकडे गेलात तर पहिल्यांना कळवा.

माझा मुलगा वर्षाला एकदा जातो. एका यंत्रात लघवी करायची असते आणि कागदावर धारेचा आलेख येतो. मधोमध छान उंचवटा असलेला, घंटेच्या आकाराचा आला की ठीक. वर सपाट पठारासारखा आला की कुठेतरी अरुंद झालंय. दरवर्षी तो कागद माझ्या हातात येईपर्यंत माझ्या पोटात गोळा येतो. यंदा घंटा आली. यंदा पहिल्यांदाच डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं, त्याला एकट्यालाच काय विचारायचं ते विचारू दे म्हणाले. वीस मिनिटं आत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोललात?" तो म्हणाला, "ते आमचं आहे." मी गप्प बसले. बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

फोन केलेला मित्र इथेच आहे. कुठे बसलाय ते सांगत नाही. त्याची बहीण बाळाला घेऊन गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आली. प्रकार साधा आहे, टोकाजवळचा. आजींची काळजी वेगळीच होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की या ऑपरेशनात ती त्वचा वापरली जाते, त्यामुळे नंतर दिसायला सुंता झाल्यासारखंच दिसेल. आजी म्हणाल्या, "मग एवढंच आधी सांगायचं ना." शुक्रवारचा कार्यक्रम रद्द झाला, पाहुणे तरीही आले आणि बिर्याणी खाऊन गेले. ऑपरेशन बाळ आठ-नऊ महिन्यांचं झाल्यावर.

वीस मिनिटं झालेली दिसतात, संयोजक घड्याळ दाखवताहेत. तो मराठी कागद मी छापून आणलाय, बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलाय, मोठ्या अक्षरात. जेवण झाल्यावर मी शिवणाच्या खोलीच्या पायरीवर बसणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर या, एकेकटे आलात तरी चालेल.